कोथिंबिरीला हवा होता उजेड

“शूट आत आहे का बाहेर?”

पैठण गेटजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात काउंटरमागचा तरुण कॅमेऱ्याची लेन्स पुसत होता. मान वर करायचीही त्याला सवड नव्हती. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि दुकानात फोटोग्राफीच्या छत्र्या, स्टँड, दिवे यांची अशी दाटी की आलेल्या गिऱ्हाइकानं अंग चोरूनच उभं राहावं.

“आत,” तनुजा म्हणाली.

“माणसं किती?”

“माणसं नाहीत.”

“मग?”

“कोथिंबीर आहे. मेथी आहे. आणि... थोडासा पुदिना.”

आता मात्र लेन्स खाली ठेवली गेली. त्यानं वर पाहिलं. डोळे शांत, पण कोपऱ्यात कुठंतरी हसू दडवून ठेवलेलं. ते हसू बाहेर येऊ नये म्हणून तो फार प्रामाणिकपणे धडपडत होता.

“कोथिंबिरीचं प्री-वेडिंग?”

“हो. टोमॅटोशी जमलंय तिचं,” तनुजा तितक्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “तुमच्याकडं रिफ्लेक्टर आहेत का नाहीत, तेवढं सांगा.”

हरला बिचारा. मोकळेपणानं हसला. आणि तनुजाच्या मनात आलं, की एवढं छान हसणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांना ‘स्माईल प्लीज’ म्हणत बसतो, म्हणजे कमालच आहे.

त्याचं नाव इंद्रजीत. दुकान त्याचंच. लग्नाचे फोटो काढायचे, उरलेल्या वेळात सामान विकायचं आणि भाड्यानं द्यायचं. त्यानं एक स्टूल पुसून पुढं केलं आणि म्हणाला, “आता नीट सांगा. कोथिंबिरीला काय झालंय?”

आता कोथिंबिरीची गोष्ट सांगायची तर आत्यापासून सुरुवात करावी लागते. तनुजा चितेगावच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत केमिस्ट होती. नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली आणि तिला ती जिवापाड आवडायची. पण गावाकडं तिचे वडील, आप्पासाहेब, यांनी एकच अट घातली होती. शहरात एकटीनं राहायचं नाही. त्यांची थोरली बहीण, म्हणजे तनुजाची आत्या रत्नमाला, सोबत असेल तरच. म्हणून पैठणचं अंगणाचं घर बंद करून आत्या गारखेड्यातल्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. फ्लॅट कसला... तिन्ही बाजूंनी शेजारच्या इमारती, खिडकी उघडली की समोर भिंत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या आणि घरी आल्यावर मातीत हात घालणाऱ्या बाईला तो मानवणार कसा? आत्यानं कुंडीत मिरची लावली, ती मेली. तुळस लावली, ती रुसली. शेवटी आत्यानं जाहीर केलं, “संक्रांतीपर्यंत वाट बघते. या घरात काय हिरवं उगवलं तर ठीक, नाय तर मी आपली पैठणला जाते. भिताडाकडं बघत म्हातारपण काढायचं म्हणजे लई झालं.”

आत्या गेली की अट मोडली. अट मोडली की नोकरी सुटली, आणि तनुजाची रवानगी गावाकडं.

“म्हणून झाडांचे दिवे मागवले,” तनुजा म्हणाली. “ग्रो लाईट म्हणतात ते. रॅकवर टांगलेत. पण अर्धा उजेड खोलीतच सांडतो, रोपांपर्यंत पोचत नाही. बाजूनं काहीतरी लावून तो परत आत वळवायला पाहिजे. तुमच्या धंद्यात तेच तर करतात ना?”

इंद्रजीतनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच बोलला नाही, मोबाईलकडं पाहिलं नाही, दारात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबायला सांगितलं. ऐकून घेणारा माणूस तनुजाला फार दिवसांनी भेटला होता. घरी आत्या बोलायची, ऑफिसात साहेब बोलायचे, फोनवर आप्पा बोलायचे.

“आत्ताच विकत घेऊ नका,” तो म्हणाला. “चंदेरी, सोनेरी, पांढरा, तिन्ही घेऊन येतो. लावून बघू. जो जमेल तो ठेवा.”

“सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी जाता असे?”

“नाही हो.” तो जरा गोंधळला. “कोथिंबिरीच्या घरी पहिल्यांदाच.”

रविवारी सकाळी तो आला, काखेत रिफ्लेक्टरच्या मोठाल्या चकत्या मारून. दार आत्यानंच उघडलं आणि चौकशी तिथूनच सुरू झाली.

“कुठला रे तू?”

“वेरूळचा.”

“आई-वडील?”

“तिथंच आहेत. मी इथं दुकानामुळं.”

“चहात साखर?”

“चालेल तेवढी, आत्या.”

“मी हिची आत्या. तुझी कवापासून झाले?”

“मग काय म्हणू? बाई म्हटलं तर शाळा आठवते.”

“म्हण आत्या,” आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तनुजानं श्वास सोडला. आत्या पहिल्याच दिवशी कुणाला चहा विचारत नसे.

जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात तो रॅक होता. तनुजानं आपल्या अकलेनं त्याच्या कडेला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला होता. पंखा लागला की तो फडफडायचा आणि आत्याच्या भाषेत घरात ‘दिवसभर कुणीतरी वेफर खाल्ल्यागत’ आवाज यायचा. इंद्रजीतनं तो हलक्या हातानं काढला, हसला नाही. मग त्यानं एक गोष्ट केली ती तनुजा पाहतच राहिली. त्यानं दिव्याकडं पाहिलंच नाही. आपल्या हाताची पालथी बाजू रोपांच्या उंचीवर धरली आणि ती हळूहळू फिरवत गेला... कुठं उजेड दाट, कुठं पातळ, ते त्या हातावर वाचत. तनुजाकडं उजेड मोजायचं मोबाईलमधलं ॲप होतं. तिनं ते उघडून ताडून पाहिलं. जिथं जिथं आकडा खाली यायचा, तिथं त्याचा हात आधीच थांबलेला.

“हे कुठं शिकलात?”

“घरीच,” तो म्हणाला. “माझे वडील, सांडूदादा म्हणतात त्यांना सगळे, वेरूळच्या लेण्यात कामाला होते. पाहुणे आले की आतल्या मूर्ती दाखवायच्या, आणि आत तर अंधार. मग दादा बाहेर उन्हात पत्र्याचा आरसा धरून बसायचे आणि ऊन आत फेकायचे. आत माझा चुलता पांढरा फळा धरून उभा. आरशातलं ऊन फळ्यावर, फळ्यावरचं मूर्तीवर. मी लहान असताना मला वाटायचं, ऊन माझ्या बापाच्या मालकीचं आहे.”

तो सांगत होता आणि हात कामातच होते. तनुजाला त्या वडिलांचा हेवा वाटला. ज्यांच्याबद्दल पोरगा असं बोलतो, त्या माणसानं आयुष्यात आणखी काय कमवायचं?

चंदेरी रिफ्लेक्टर लावून तो गेला. तो रिफ्लेक्टर काही टिकला नाही. त्यात उजेड एकाच जागी साचायचा, आणि तेवढ्या जागेतली मेथी फिकट पडून मान टाकायची. मग सोनेरी लागला. त्यानं सगळी खोलीच पिवळी झाली. आत्या सोफ्यावर बसून निरखत म्हणाली, “काढ बाई ते. घरात काविळीची साथ आल्यागत दिसतंय.”

तिसऱ्या खेपेला इंद्रजीत थर्माकोलची पांढरी पाटी घेऊन आला.

“हे?” तनुजानं नाक मुरडलं. “हे तर फ्रिजच्या खोक्यात येतं.”

“दिसायला गरीब आहे. पण चमकत नाही म्हणूनच चांगलं आहे. उजेड सगळ्यांना सारखा वाटतं, कुणा एकाला भाजत नाही. मोठमोठ्या नवऱ्यांचे फोटो मी याच्यावरच काढलेत.”

“नवऱ्या म्हणजे... नवऱ्या मुली?”

“मुलीच हो. नवऱ्यांकडं कोण बघतं फोटोत?”

स्वयंपाकघरातून आत्याचा खोकला ऐकू आला. खोकला होता की हसू, कळायला मार्ग नव्हता.

त्यानं पाटी स्टँडला अडकवली, कोन लावला, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, पुन्हा कोन बदलला. “आता पाणी घालता तशा उभ्या राहा बरं,” तो म्हणाला. तनुजा झारी घेऊन उभी राहिली. तो पाहत राहिला. जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

“जमलं?” तिनं विचारलं.

“अं? हो... जमलं.”

त्यानंतर इंद्रजीतच्या वाटा गारखेड्यातूनच जायला लागल्या. वेरूळला शूट असो की दौलताबादला, परतीचा रस्ता गारखेड्यातून कसा येतो हे भूगोलाच्या बाईलाही कोडंच होतं. “कोन बघून जातो,” म्हणायचा. एकदा हुरडा घेऊन आला, कोवळा, अजून गरम, शेंगदाण्याच्या चटणीसकट. तिघांनी खाली वर्तमानपत्र पसरून तो खाल्ला. थंडी चांगली पडली होती. चटणी तिखट होती. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं न बोलता पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. एवढंच. पण तेवढ्यानं तिला पुढचे कितीतरी दिवस पुरले.

तिला तो आवडायला लागला होता. उगीच कशाला आडपडदा ठेवायचा? त्याचं हळू बोलणं आवडायचं, हाताच्या पालथ्या बाजूनं उजेड चाचपणं आवडायचं, आत्याशी वाद घालताना मुद्दाम हरणं आवडायचं. नवरीची आई फोटोत चांगली यावी म्हणून तो नवरीइतकीच धडपड करतो, हे त्यानं सांगितलं तेव्हा तर तिनं मनातल्या मनात त्याला पसंत करून टाकलं. तो मात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला तयार नव्हता. “चहा घेणार का?” म्हटलं की “तुम्ही घेत असाल तर.” त्या ‘तुम्ही’चा तिला रागही यायचा आणि तो कानाला गोडही लागायचा.

सगळं छान चाललं होतं, कोथिंबीर सोडून.

कोथिंबीर वाढत होती, पण कशी? उंचच उंच, बारीक, रोडकी, फिकट पानांची. मेथी आडवी पडलेली. पुदिना तेवढा तग धरून होता, पण पुदिन्याचं काय, तो गटाराच्या काठालाही येतो. संक्रांत जवळ आली. आणि एका शनिवारी आत्यानं शांतपणे सांगितलं, “तनू, माळ्यावरून माझी बॅग काढ. उद्याच्या एसटीनं जाते.”

“आत्या, अजून थोडे दिवस... दिवे अजून जवळ आणले तर...”

“आणले तर, लावले तर! आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. काढ बॅग.”

तनुजानं बॅग काढली. आप्पांचा फोन येणार, राजीनामा द्यावा लागणार, प्रयोगशाळेतलं आपलं टेबल दुसऱ्या कुणाला मिळणार, हे सगळं एकदम समोर आलं. आणि गावात पैठण गेट नाही, ते चिंचोळं दुकान नाही, हेही.

संध्याकाळी इंद्रजीत आला. नेहमीसारखाच, ‘कोन बघायला’. दारातच बॅग दिसली आणि तो तिथंच थबकला.

“बरं झालं आलास,” आत्या म्हणाली. ती रॅकसमोर खुर्ची टाकून बसली होती, वर्गात बसायची तशी ताठ. “दोघंही इकडं या. तनू, झारी घे. पाणी घालतेस तशी उभी राहा.”

तनुजा उभी राहिली.

“इंद्रजीत, सांग. उजेड कुठं पडलाय?”

त्यानं पाहिलं. आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

पांढऱ्या पाटीवरून वळलेला तो मऊ, सारखा, सुंदर उजेड बरोबर तनुजाच्या चेहऱ्यावर पडला होता. गालावर, कपाळावर, कानाशी सुटलेल्या बटेवर.

“आता बाजूला हो,” आत्या म्हणाली. तनुजा सरकली. उजेड कोथिंबिरीच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रिकाम्या भिंतीवर जाऊन बसला. “बघितलं? एवढे दिवस रोपं उपाशी, आणि पोरगी उजळतीय.”

“चुकलं आत्या,” इंद्रजीत कसाबसा म्हणाला. “आमच्या धंद्याची सवय... समोर माणूस असलं की हात आपोआप चेहऱ्याचाच कोन लावतो.”

“माणूस तर मी बी होते समोर. रोज या खुर्चीत बसते. माझ्यावर कधी तिरीप नाय पडली ती?”

इंद्रजीतनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं आणि सरळ आत्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, “व्हय आत्या. कोन लावला तेव्हा मी कोथिंबीर बघत नव्हतो. मला तनुजा आवडते. पहिल्या दिवसापासून. पण माझ्या पायी तिची नोकरी जाणार असेल तर... मी आत्ता कोन बदलतो. पुन्हा येणारही नाही. तुम्ही तेवढं जाऊ नका.”

तनुजा झारी धरून तशीच उभी होती. आणि मग तिला ते बोलावंच लागलं, कारण एकट्यानं सगळा दोष घेणाऱ्या माणसाकडं पाहत गप्प राहणं तिला जमलं नसतं.

“आत्या... मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“उजेड माझ्यावर पडतो ते. खिडकीच्या काचेत दिसायचं. ॲपमध्येही दिसायचं, रोपांपाशी आकडा कमी, माझ्यापाशी जास्त. मी केमिस्ट आहे, मला कळत नव्हतं थोडंच. पण कोन बदलायला सांगितलं असतं तर...” ती अडखळली. “तर त्यांनी बदलला असता.”

आत्यानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. काय म्हणावं या पोरीला? ज्या कोथिंबिरीवर हिची नोकरी टांगलेली, तिचाच घास हिनं स्वतःच्या तोंडावर घेतला. आणि तोही हसत.

“आणि मी गेले तर?” आत्या म्हणाली. आवाज बदलला होता. “एवढ्या दिवसांत तुम्ही दोघांनी मला एकदा तरी विचारलं का, आत्या, तुम्ही बघता का जरा? मातीत हात घालू दिला नाय. ‘आत्या बसा, आत्या राहू द्या.’ मला वाटलं, आप्पाला दाखवायला म्हणून तेवढी मी इथं हाय. शोभेची.”

तनुजानं झारी खाली ठेवली. आत्याच्या पायाशी बसली. “तू शोभेची? आत्या, संध्याकाळी दार उघडायला तू नसलीस तर मी या घरात यायचीच नाही. आप्पांची अट आप्पांपाशी. मला तू पाहिजेस.”

आत्यानं पदरानं चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता. मग उठली आणि इंद्रजीतला म्हणाली, “सर बाजूला.”

तिनं पाटी खाली ओढली, तिरपी केली, पुन्हा जरा उचलली. दुसरी पाटी समोरून उभी करायला लावली. सूर्य कुठल्या महिन्यात किती तिरपा असतो हे तिनं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं. हा तर हातभर लांबीचा दिवा. इंद्रजीतनं हाताची पालथी बाजू रोपांवर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. हात कुठंच अडला नाही.

“आत्या,” तो मनापासून म्हणाला, “तुम्ही लेण्यात पाहिजे होत्या.”

“मस्का नको लावू. ही कोथिंबीर तर गेली कामातून. उपट ती, नवीन धने टाकायचे. भिजत घाल, तनू.”

“म्हणजे... तू जाणार नाहीस?”

“जाणार तर. बॅग भरलीय ती काय सोडायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही तिला मध्यवर्ती बसस्थानकावर सोडायला गेले. रिक्षात आत्या मध्ये बसली, मुद्दामच. पैठणच्या गाडीला गर्दी होती. इंद्रजीतनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, बॅग वर ठेवली, खाली उतरला आणि तनुजापासून हातभर अंतर राखून उभा राहिला. आत्यानं घरातून निघाल्यापासून एक अक्षर काढलं नव्हतं.

गाडीचं इंजिन सुरू झालं. आत्यानं खिडकीची काच सरकवली.

“वाटेत आधी गावात उतरते. आप्पाकडं,” ती म्हणाली. “असल्या गोष्टी फोनवर होत नसतात. समोर बसून, जेवायच्या वेळेला काढाव्या लागतात. मग पैठणच्या घराला पक्कं कुलूप लावून परत येते. मी येईस्तोवर तू प्रेरणाकडं राहा झोपायला, मी तिच्या आईला सांगितलंय. धने मी आल्यावर मीच पेरणार. कळलं?”

प्रेरणा म्हणजे वरच्या मजल्यावरची तनुजाची मैत्रीण. तनुजानं मान हलवली. डोळे भरून आले होते.

“आता आप्पाला काय सांगू ते बोल. पोराचं म्हणणं मी काल ऐकलं. तुझं कुठं ऐकलंय? ‘मला माहीत होतं’ हे काय उत्तर झालं?”

“आत्या, इथं... लोक आहेत.”

“असू देत. तुझा बाप मला पहिलं हेच विचारणार, पोरगी काय म्हणते. मला पूर्ण वाक्यात उत्तर पाहिजे.”

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. तो तिथंच थांबला. आत्याशेजारच्या बाईनं डोक्यावरचा पदर कानामागं सारला. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं चालू असलेलं बोलणं आवरतं घेतलं. अख्खी पैठण गाडी तनुजाच्या तोंडाकडं बघत होती.

तनुजानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग ते हातभर अंतर तिनं स्वतःच संपवलं, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि डेपोच्या त्या सगळ्या गोंगाटावरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आप्पांना सांग, मला इंद्रजीत आवडतो, आणि मला त्याच्याशीच लग्न करायचंय.”

“शाब्बास,” आत्या म्हणाली आणि काच लावून घेतली.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, वळली, फाटकातून बाहेर गेली. दोघं धुळीत उभे होते.

“तनुजा,” इंद्रजीत म्हणाला. घसा खाकरला. पुन्हा म्हणाला, “तनुजा... तू चहा घेणार का?”